कॉलेज बघायला जाताना: एका सोलापूरकर आईच्या प्रश्नाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. जुळे सोलापूरला राहणाऱ्या एका ताईंची मुलगी अकरावी विज्ञानला आहे आणि तिला यंत्रांची ओढ आहे. धाकटा मुलगा दहावीत, त्याचा जीव चित्रकलेत. मोहोळच्या नणंदेची मुलगी बारावीला आहे, तिला कृषी पदवी करायची आहे. दिवाळीच्या सुटीत गाडी करून तिघांना पुण्याला न्यावं आणि दोन दिवसांत पाच-सहा कॉलेजं दाखवून आणावीत असा त्यांचा बेत आहे. त्यांनी विचारलं आहे की कुठे जावं, काय बघावं आणि काय विचारावं. शिवाय, मुलीला सोलापुरातच ठेवा असं घरातली मोठी माणसं म्हणतात, त्याचं काय करावं?

ताई, प्रवेशाची धावपळ सुरू होण्याआधीच तुम्ही मुलांना कॉलेज दाखवायला निघालात, हे फार बरं केलंत. बहुतेक घरांत कॉलेजचं फाटक पहिल्यांदा दिसतं ते अलॉटमेंटचा कागद हातात घेऊन फी भरायच्या रांगेत उभं राहिल्यावर. पण दिवाळीचा बेत आधी रद्द करा. त्या दिवसांत कॉलेजांना सुटी असते, नाहीतर सत्र परीक्षा तोंडावर आलेल्या असतात. प्रयोगशाळा बंद, विभागात कुणी नाही, वॉचमन दादा लांबून बोट करून सांगणार की ते मेकॅनिकल आणि ती लायब्ररी. मुलं बाग बघतील, कमानीखाली फोटो काढतील आणि ज्याची कमान मोठी ते कॉलेज चांगलं असं मनात धरून परत येतील.

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवत आलो आणि त्याच्या जोडीने प्रवेशाच्या काळात मुलांना मार्गदर्शन करत आलो. तेवढ्या अनुभवावर एक गोष्ट अगदी ठामपणे सांगतो. कॉलेज नावाची एक वस्तू बघायला जाऊ नका, आपल्या मुलाला ज्या विभागात चार वर्षं काढायची आहेत तो विभाग बघायला जा, आणि तो चालू असताना बघा. एकाच आवारात एक विभाग जिवंत असतो आणि शेजारचा नुसता उभा असतो. नॅक आणि एनबीए या कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्था. नॅकची श्रेणी पूर्ण संस्थेला मिळते, एनबीएचं मानांकन एकेका अभ्यासक्रमाला मिळतं. म्हणून फलकावरची नॅकची श्रेणी वाचून थांबायचं नाही, आपल्या शाखेला एनबीए आहे का आणि ते कधीपर्यंत आहे हे विचारायचं.

असं बघायचं म्हटलं की तिघांना एका गाडीत नेणं आपोआप बाद होतं. तुमची मुलगी वर्कशॉपमध्ये रमली की भाऊ दारात कंटाळून उभा, भाचीचं सगळं लक्ष घड्याळाकडे. मग वेळ वाटून देण्याच्या नादात कुणाचंच धड बघून होत नाही. तिघांची फेरी वेगळी ठेवा. प्रत्येकाची वेळही वेगळी आहे. भाचीकडे आता थोडेच महिने आहेत, तिचं आधी उरका. मुलीकडे दीड वर्ष आहे. मुलाची पदवी अजून लांब आहे, त्याला आत्ता फक्त अकरावीची शाखा ठरवायची आहे.

एक फेरी मात्र तिघांनी मिळून करा, आणि ती सोलापुरातच. पुढे इथे शिकायचं असो वा नसो, कॉलेज कसं बघायचं याचा सराव घरच्या गावात होतो. अशोक चौकातलं वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, सात रस्त्याचं संगमेश्वर, १९४० पासूनचं दयानंद, केगावला विद्यापीठाचे विभाग. एका शनिवारी, आधी फोन करून, यातल्या दोन ठिकाणी जा. मुलांना सांगा की इथे प्रवेश घ्यायचा नाहीये, नुसतं बघायला शिकायचं आहे. प्रवेशाचं ओझं नसलं की मुलं मोकळेपणाने प्रश्न विचारतात. आणि गावातलं कॉलेज वर्षानुवर्षं सिटी बसमधून बाहेरूनच बघितलेलं असतं, आत काय चालतं याची मुलांना कल्पनाच नसते.

आता मुलीचं सांगतो, कारण तिथे बघण्यासारखं सगळ्यात जास्त आहे.

अकरावी-बारावीच्या मुलांना मी अधूनमधून वर्कशॉप दाखवायला नेत असे. अशाच एका वेळी लेथ मशीनखालच्या ट्रेमध्ये लोखंडाच्या किसाचे वेटोळे पडले होते. बहुतेक मुलं मशीनवरच्या कंपनीच्या नावाचे फोटो काढत होती. एक मुलगी मात्र खाली बसली आणि तिने एक वेटोळा उचलून बघितला. तो कडेला निळसर पडला होता. तिने विचारलं, सर, हा निळा का झाला? तिथल्या इन्स्ट्रक्टरांनी हातातलं काम ठेवलं. पोलाद तापलं की त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ थर कसा चढतो, रंगावरून कटिंगची उष्णता कशी ओळखायची, वेग वाढवला तर काय होतं, हे त्यांनी मशीन पुन्हा चालू करून दाखवलं. मला त्या विभागाबद्दल जे कळायला हवं होतं ते त्या थोड्या वेळात कळलं. ट्रेमध्ये किस होता, म्हणजे मशीन चालतं. विद्यार्थिनी नसलेल्या मुलीच्या प्रश्नासाठी शिकवणारा माणूस थांबला, म्हणजे तिथे प्रश्न विचारता येतो.

तुमच्या मुलीला हेच बघायला सांगा. मशीनवर प्लॅस्टिकचं कव्हर आहे की तेलाचे बोटांचे ठसे? प्रत्येक यंत्राशी एक वही असते, तिच्यात शेवटची नोंद कुठल्या तारखेची आहे? एका बॅचला मुलं किती आणि चालू मशीनं किती? प्रॅक्टिकल संपवून बाहेर पडणाऱ्या मुलांचे हात बघा, काळे असतील तर उत्तम. कॉम्प्युटर किंवा इलेक्ट्रॉनिक्सकडे कल असेल तर लॅब प्रॅक्टिकलच्या वेळेनंतर उघडी राहते का, मुलांना आपापले प्रकल्प करायला बसू देतात का, हे विचारा. शेवटच्या वर्षाचे प्रकल्प कुठे ठेवले आहेत तेही बघून घ्या. जे मॉडेल चालू करून दाखवतात त्याला खरी किंमत आहे. कपाटात मांडलेली मॉडेलं बहुधा दरवर्षी तीच असतात.

बोलायचं कुणाशी? दुसऱ्या वर्षाच्या मुलांशी. पहिल्या वर्षाची मुलं अजून नवलाईत असतात आणि शेवटच्या वर्षाच्यांना नोकरीपलीकडे काही सुचत नसतं. दुसऱ्या वर्षाच्या मुलाला कॉलेजची सवय झालेली असते आणि त्याला अजून दोन वर्षं काढायची असतात, त्यामुळे तो खरं बोलतो. कॉलेज चांगलं आहे का, असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. मागच्या आठवड्यात किती तास झाले आणि किती बुडाले, एखादा विषय अडला तर कुणाकडे जाता, संध्याकाळी पाचनंतर इथे काय चालतं, असं विचारा. हे प्रश्न मुलीनेच विचारायचे. तुम्ही तेवढा वेळ कँटीनमध्ये चहा घेत बसा. आईबाबा शेजारी उभे असले की पोरं मोकळं बोलत नाहीत.

प्लेसमेंटच्या फलकावर सगळ्यात मोठा पगार सगळ्यात मोठ्या अक्षरांत असतो. तो एका मुलाचा असतो. आपल्या शाखेतून किती जणांनी नावनोंदणी केली, त्यातल्या कितींना नोकरी लागली, सगळे पगार ओळीने मांडले तर मधला पगार किती येतो आणि किती मुलं पुढच्या शिक्षणाला गेली, हे चार आकडे मागा. यांत्रिकीच्या मुलांना सॉफ्टवेअर कंपन्यांनी घाऊक उचललं असेल तर तसं सांगतात का तेही बघा. त्यात वाईट काही नाही, पण यंत्रांच्या ओढीने जाणाऱ्या मुलीला ते आधी कळलं पाहिजे.

यंत्रांची ओढ म्हणजे मेकॅनिकलच, असंही धरू नका. आपल्या गावात चादर आणि टेरी टॉवेल तयार होतात, पूर्व भागात आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीत लूम चालतात. तिला एकदा एखादा कारखाना आतून दाखवा. वस्त्र अभियांत्रिकीची पदवी इचलकरंजीच्या डीकेटीईमध्ये आहे, मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये आहे. यंत्रमागाच्या गावातली मुलं ही शाखा यादीत लिहीतसुद्धा नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कटऑफच्या याद्या घरी बसून वाचायच्या, आणि अकरावीतच वाचायला शिकायचं. राज्याची प्रवेशप्रक्रिया चालवणाऱ्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांच्या याद्या असतात. त्यातले कोड बघून लोक घाबरतात, पण ते सोपे आहेत. सुरुवातीचं जी म्हणजे सर्वसाधारण जागा, एल म्हणजे मुलींसाठी राखीव, मधे प्रवर्ग, आणि शेवटचं अक्षर एच असेल तर गृह विद्यापीठ, ओ असेल तर बाहेरचं विद्यापीठ, एस असेल तर राज्यस्तर. तुमच्या मुलीने एलने सुरू होणारे रकानेही बघितले पाहिजेत. नुसता जी बघून हे आपल्याला मिळणार नाही म्हणत कॉलेज यादीतून काढणाऱ्या मुली मी कितीतरी बघितल्या. त्याच यादीत टीएफडब्ल्यूएस नावाचा रकाना असतो. त्या थोड्या जागांवर शिक्षण शुल्क पूर्ण माफ असतं, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असावं लागतं. चुरस जास्त असल्यामुळे कटऑफ चढा लागतो, पण पर्याय भरायला काही जात नाही.

गृह विद्यापीठाचा मुद्दा सोलापूरकरांनी नीट समजून घ्यावा. आपलं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ २००४ पासून एका जिल्ह्यापुरतं आहे. गृह विद्यापीठ ठरतं ते बारावी कुठून पास झाली यावरून. सोलापुरातून बारावी झाली तर इथल्या कॉलेजांतल्या गृह विद्यापीठाच्या जागांवर हक्क राहतो, पुण्याच्या कॉलेजांत बाहेरच्या विद्यापीठाचा रकाना लागू होतो. कुणी सांगितलं म्हणून मुलीला बारावीसाठी लातूरला हलवलं की हे गणित बदलतं. काही संस्थांत सगळ्या जागा राज्यस्तरावरच्याच असतात, तिथे हा प्रश्न येत नाही. म्हणून ज्या कॉलेजात जाल तिथे आपल्याला कुठला रकाना लागू आहे हे आधी बघून जा.

पर्याय, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम, भरताना एक पथ्य पाळा. पहिला पर्याय मिळाला की जागा आपोआप पक्की होते, पुढच्या फेरीत सुधारणा करता येत नाही. इतर नियम दरवर्षी थोडे बदलतात, त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. पहिल्या क्रमांकावर तेच लिहा जे मिळालं तर मुलगी दुसऱ्या दिवशी हसत बॅग भरेल.

मुलीला सोलापुरातच ठेवावं का? घरातल्या मोठ्यांना उडवून लावू नका. त्यांची काळजी खरी आहे, आणि काही वेळा इथेच राहणं खरोखर शहाणपणाचं असतं. हवी ती शाखा, चालता विभाग आणि परवडणारी फी गावातच मिळत असेल, तर निव्वळ पुणे म्हणून पुण्याला पाठवण्यात अर्थ नाही. पण निर्णय मुलगी आहे म्हणून होऊ नये. पुढे धाकट्याला मुंबईला पाठवायची वेळ येईल तेव्हा घरात हीच चर्चा होणार आहे का? होणार नसेल, तर आत्ताची चर्चा कॉलेजबद्दल नाहीच, आणि हे घरात शांतपणे पण स्पष्ट बोललं पाहिजे. दोन्ही मुलांना एकसारखं कॉलेज देता येत नाही. एकसारखं लक्ष आणि एकसारखी मोकळीक मात्र देता येते, आणि ती देणं आईबापांच्या हातात आहे.

मोठ्यांचा धीर बोलून वाढत नाही, होस्टेल बघून वाढतो. आजोबांना किंवा आजींना घेऊन जा. होस्टेल संध्याकाळी बघा, सकाळी सगळीच चकाचक असतात. कॉलेजच्या आवारात आहे की बाहेर, रात्री किती वाजता फाटक बंद होतं, आजारी पडलं तर रात्री कोण नेतं, पाणी किती वेळ येतं, मेसमध्ये भाकरी मिळते का. शेवटचा प्रश्न किरकोळ वाटेल, पण सोलापूरच्या पोरींना पहिल्या महिन्यात घर आठवतं ते ज्वारीच्या भाकरीवरूनच. तिथल्या मुलींना भेटा आणि वॉर्डन समोर नसताना भेटा.

पैशांचंही बघा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्गातल्या ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण मिळतं. मात्र प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून हवा, व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर नाही. होस्टेल, मेस आणि कॉलेजचे इतर आकार यात येत नाहीत. वसतिगृहाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, तिच्या अटी शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर बघा. कॉलेजमध्ये गेल्यावर शुल्काचा कागद मागा, त्यात शिक्षण शुल्क किती आणि बाकीचं किती ते वेगळं दाखवलेलं असावं. तोंडी आकड्यावर विसंबू नका.

मुलीच्या पुण्याच्या फेरीसाठी जानेवारी धरा. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत आपल्याकडे सुटी असते आणि पुण्यातली कॉलेजं चालू असतात, दुसरं सत्र सुरू झालेलं असतं. सकाळी हुतात्मा एक्सप्रेसने जायचं, संध्याकाळी हुतात्मानेच परत यायचं. दिवसभरात एकच कॉलेज, फार तर जवळची दोन. त्याहून जास्त केलं की रात्री गाडीत कुठली लॅब कुठल्या कॉलेजची हेच आठवत नाही. परत येताना तुम्ही मत देऊ नका. तिला आधी बोलू द्या, नाहीतर दौंड यायच्या आत तिचं मत तुमच्या मतासारखं झालेलं असेल.

आता धाकट्याकडे येतो. चित्रकलेत रमणाऱ्या मुलाच्या पालकांना वाटतं की अजून वेळ आहे. पदवीला वेळ आहे, पण दहावीनंतरच्या शाखेवर एक वाट उघडी राहते किंवा बंद होते. ललित कला किंवा उपयोजित कलेची पदवी, फॅशन किंवा इतर डिझाइन, यांना बारावी कुठल्याही शाखेची चालते. राज्यात कला पदवीसाठी सीईटी आहे, एनआयडी (डिझाइन) आणि निफ्ट (फॅशन) या राष्ट्रीय संस्थांची स्वतंत्र परीक्षा आहे, आयआयटीच्या डिझाइनसाठी यूसीड ही परीक्षा आहे. वास्तुकलेला मात्र बारावीत गणित आणि भौतिकशास्त्र लागतं आणि वर नाटा ही प्रवेश परीक्षा किंवा जेईईचा वास्तुकलेचा पेपर द्यावा लागतो. त्यामुळे त्याला घरं, पूल, वाडे काढायला आवडतात की माणसं, चेहरे, अक्षरं, हे आत्ता बघा. त्याच्या वह्या समोर घेऊन बसा. विठ्ठलमंदिराचं चित्र काढताना तो कमानीचे खांब मोजून काढतो की पायरीवरची माणसं आधी काढतो, यावरून पुष्कळ कळतं. वास्तुकलेची शक्यता थोडी जरी असली तर गणितासह विज्ञान घेऊ द्या. ती नसेलच तर चित्र काढणाऱ्या मुलाला विज्ञानाला घालून क्लासेसच्या चरकात पिळू नका. इंटरमिजिएटची चित्रकला परीक्षा दिली नसेल तर चौकशी करा, दहावीला तिचे वाढीव गुण मिळतात. अकरावीचे प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झाले आहेत, अर्जात १० पर्यंत पसंतीक्रम देता येतात. तो अर्जही त्यानेच तुमच्यासमोर भरावा.

मुंबईचं सर ज. जी. कला महाविद्यालय १८५७ सालचं. तिथे त्याला अकरावीत न्या, आत्ता नको. रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये बसलं की सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, तिथून कॉलेज चालत जाण्याच्या अंतरावर. मुलांच्या कामाचं वार्षिक प्रदर्शन असेल तेव्हा गेलात तर सोन्याहून पिवळं. बक्षीस मिळालेल्या चित्रांपुढे गर्दी असते. तुम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांची रोजची रेखाटनं कुठे लावली आहेत ते शोधा. चांगल्या कला महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या वीस मुलांनी काढलेला एकच पुतळा वीस हातांनी काढलेला दिसतो. सगळी चित्रं एकाच हातची वाटली तर शिकवणारे आपली शैली मुलांवर लादताहेत, असं समजा. पुण्यातल्या अभिनव कला महाविद्यालयातही हाच निकष लावा. मुलाने स्वतःची वही बरोबर न्यावी आणि तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याला दाखवावी. अर्ध्या तासात त्याला आपण कुठे आहोत ते कळेल, आणि ते समवयस्काकडून कळलेलं बरं असतं.

मुंबईच्याही आधी त्याला पूर्व भागात न्या. सोलापुरी चादरीवरचा मोर किंवा फुलांची नक्षी आधी ग्राफ पेपरवर चौकोन भरून काढत, त्यावरून मागावर नक्षी विणणाऱ्या जॅकार्डची कार्डं पंच होत. आता बरंच काम संगणकावर चालतं, पण धागा उभा-आडवा कसा जाईल हे डोक्यात असावंच लागतं. एखाद्या डिझाइनरकडे दोन तास बसू द्या. चित्र काढून पोट कसं भरणार, हा प्रश्न घरात कुणीतरी विचारणारच आहे. त्याचं एक उत्तर त्याने डोळ्यांनी बघितलेलं असेल.

भाचीचं काम सगळ्यात सोपं आहे, कारण तिचं ठरलेलं आहे आणि आजूबाजूला सगळं हाताशी आहे. मोहोळला कृषी विज्ञान केंद्र आहे, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र आहे. कॉलेजच्या आधी ती तिथे जाऊन यावी. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षात मुलं काही महिने गावात राहून काम करतात. गावकरी त्यांना कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणतात. तिच्या आसपासच्या गावांत त्या आल्या असतील तर वेगवेगळ्या कॉलेजांच्या मुली एकाच पारावर भेटतील, आणि त्या सगळं सांगतील. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं पुण्यातलं महाविद्यालय शिवाजीनगरला आहे, तेही बघता येईल. खासगी कृषी महाविद्यालय बघायचं असेल तर आधी शेत बघा आणि मग इमारत. जमीन कॉलेजची स्वतःची किती, त्यात आत्ता काय उभं आहे, आणि रोप मुलांनी लावलंय की मजुरांनी? मुलांना पेरणीपासून काढणीपर्यंत स्वतःचा वाफा मिळतो का, हे विचारलं की खरी परिस्थिती पाच मिनिटांत कळते.

एजंटांबद्दल थोडक्यात सांगतो. निकालानंतर फोन येतील, अमुक कॉलेजात जागा धरून ठेवतो, आत्ता थोडे पैसे द्या म्हणतील. पैसे द्यायचे ते फक्त कॉलेजच्या खात्यात, पावती घेऊन. मूळ कागदपत्रं ठेवून जा असं कुणी म्हटलं तर देऊ नका. पडताळणी करून मूळ कागद परत द्यावेत असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा, म्हणजे यूजीसीचा, स्पष्ट नियम आहे.

आणि कागदांचं आत्ताच बघा. मुलीला आरक्षण लागू असेल तर जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच करतात, कॉलेजकडून शिफारस घेऊन. चांगला पर्सेंटाइल असूनही वैधतेच्या कागदासाठी जूनमध्ये समितीच्या कार्यालयात हेलपाटे घालणारी कुटुंबं दरवर्षी दिसतात. नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणजे प्रवेशाच्या वेळी नवीन लागेल. अधिवास प्रमाणपत्र एकदाच काढायचं आहे, ते या दिवाळीत काढून टाका. गाडीचा बेत रद्द झाल्यामुळे मोकळे झालेले दोन दिवस कागद गोळा करायला वापरता येतील.

जानेवारीच्या फेरीसाठी डिसेंबरच्या सुरुवातीला विभागप्रमुखांना ईमेल जाऊ द्या. मी अकरावीत आहे, तुमच्या विभागाचं वर्कशॉप चालू असताना बघायचं आहे, अमुक तारखेला अर्धा तास मिळेल का, एवढंच पुरे. ते मुलीने लिहावं, तुम्ही फक्त वाचून बघा. आठवड्यात उत्तर आलं नाही तर तिनेच विभागात फोन करावा. एखाद्या विभागाकडून दोन्हीला प्रतिसाद मिळाला नाही, तर त्या तारखेला दुसरं कॉलेज ठेवा आणि हुतात्माचं आरक्षण तसंच राहू द्या.